दुष्काळात तेरावा महिना : पिकावर एकाच वेळी येणाऱ्या संकटांचा इतिहास



'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. कणगी रिकामी, त्यात अधिक महिना आलेला. खाणारी तोंडं तेवढीच, पण सुगी एक महिना लांब गेली. नुसता दुष्काळ माणूस कसाबसा काढतो. नुसत्या अधिक महिन्याचं तर कोणी ओझंही मानत नाही. दोन्ही एकदम आले की कंबर मोडते.

पिकाचंही असंच असतं. रब्बी ज्वारीला पाण्याची ओढ बसली तर ती बरीचशी सोसते. मुळाशी ओल असेल तर दुपारचं ऊनही सोसते. रोगाची बुरशी तर जमिनीत बाराही महिने असते, पण एरवी ती पिकाचं फारसं वाकडं करत नाही. मात्र दाणा भरण्याच्या वेळी ओल संपली, ऊन तापलं आणि तीच बुरशी मुळातून वर चढली, की थोड्याच दिवसांत उभं पीक आडवं होतं. मग पारावर वाद सुरू होतो. एक म्हणतो पाण्यानं मारलं, दुसरा म्हणतो रोगानं मारलं, तिसरा बियाण्याला दोष देतो. तिघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण एकट्याचंच ऐकून उपाय केला तर पैसा जातो आणि पीकही जातं.

हे गणित शास्त्रज्ञांनाही एकदम उमगलं नाही. त्याला पावणेदोनशे वर्षं लागली. त्या वाटचालीत जर्मनीतली प्रयोगशाळा आहे, तशी आपली मांजरी, सोलापूर आणि मोहोळही आहे. ती हकिकत या पत्रिकेत सांगायची आहे, कारण तिच्यातून आपल्या रानासाठी घेण्यासारखं पुष्कळ आहे.

पिंपाची आखूड फळी

सुरुवात जर्मनीत झाली. १८२८ साली कार्ल स्प्रेंगेल या शास्त्रज्ञानं मांडलं की पिकाला लागणाऱ्या द्रव्यांपैकी एकही कमी पडलं तरी बाकीची भरपूर असून उपयोग नाही. पुढे १८४० साली युस्टस फॉन लीबिग यांचा शेतीच्या रसायनशास्त्रावरचा ग्रंथ निघाला, आणि हा विचार त्यांच्या नावानं जगभर गेला. तो समजावताना पुढे लाकडी पिंपाचं चित्र देऊ लागले. पिंपाच्या उभ्या फळ्यांपैकी एक आखूड असली तर पाणी त्या फळीपर्यंतच राहतं. बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत, वरचं पाणी सांडून जातं. नत्र कमी असेल तर स्फुरद टाकून पीक वाढत नाही, हे या चित्रावरून चटकन पटतं.

१९०५ साली इंग्लंडमधल्या एफ. एफ. ब्लॅकमन यांनी हीच रीत पानाच्या कामाला लावली. उजेड, ऊब आणि हवेतला कर्बवायू यांतलं जे सर्वांत कमी असेल, तेच त्या वेळी पानाचा वेग ठरवतं, असं त्यांनी सांगितलं.

या विचाराचे उपकार मोठे आहेत. माती तपासून जे कमी असेल ते द्या, हा आपला आजचा सल्ला याच घराण्यातला. पण पिंपाच्या चित्रात एक उणीव आहे. पिंपातली एक फळी आखूड झाली म्हणून शेजारची आखूड होत नाही. रानात मात्र होते. जमीन वाळली की टाकलेलं नत्रही मुळापर्यंत पोहोचत नाही. पाणी कमी पडलं की पानाचा घाम थांबतो आणि पान तापतं. म्हणजे पाण्याची फळी आखूड झाली की अन्नाची आणि थंडाव्याची फळीही तिच्याबरोबर खाली येते. हे ध्यानात यायला पुढे बराच काळ गेला.

मांजरी आणि सोलापूर

आता आपल्या मुलखात येऊ. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १९०० च्या आगेमागे पडलेला दुष्काळ यांनी दख्खन पार उघडं केलं. पाऊस कमी, आणि तोही वेळेवर नाही, अशा रानात पीक कसं काढावं हा प्रश्न सरकारपुढे आला. १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे व्ही. ए. ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचं पद्धतशीर संशोधन सुरू केलं. एन. व्ही. कानिटकर यांनी ते काम पुढे वाढवलं. १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर, १९३४ मध्ये हगरी आणि रायचूर आणि १९३५ मध्ये रोहतक, अशी पाच केंद्रं उभी राहिली. कानिटकरांचं हिंदुस्थानातल्या कोरडवाहू शेतीवरचं इंग्रजी पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झालं.

या कामातून जी पद्धत निघाली तिला 'मुंबई कोरडवाहू शेती पद्धत' म्हणत, कारण तेव्हा आपला भाग मुंबई इलाख्यात होता. तिची कलमं अशी होती : पाणी अडवायला बांध घालावेत. तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी. शेणखत द्यावं. बी कमी वापरून पेरणी विरळ करावी. वरचेवर कोळपून तण मारावं आणि ओल जिरू द्यावी, उडू देऊ नये.

ही कलमं वाचून तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? आमचे आजोबा हेच करत होते. ते खरं आहे. या शास्त्रज्ञांनी बरंचसं जाणत्या शेतकऱ्यांकडूनच उचललं आणि मोजून पाहिलं. विरळ पेरणीचंच घ्या. घरात भाकरी थोडी असेल तर पंगत मोठी बसवू नये, हा तिच्यामागचा हिशेब. ओल मोजकी असताना ताटं दाट ठेवली तर सगळीच अर्धपोटी राहतात.

पण या पद्धतीनं उत्पन्न किती वाढलं? त्या वेळी हेक्टरी दोन ते चार क्विंटल पिकत असे, त्यावर साधारण १५ ते २० टक्के वाढ मिळाली. कष्टाच्या मानानं ही वाढ थोडी वाटते. याचं एक कारण असं की सगळा भर पाण्याच्या एकाच फळीवर होता. पाणी वाचवणारे उपाय हाती आले होते. पण पाणी, ऊन, अन्न आणि रोग यांची एकमेकांत होणारी गुंतवळ अजून कोणी सोडवलेली नव्हती.

मोहोळची मालदांडी

त्याच सुमारास, १९३० च्या दशकात, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर एक मोठं काम झालं. शेतकऱ्यांच्या रानातल्या स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण काढला. त्यासाठी संकर केला नव्हता. रानात पिढ्यान्पिढ्या जी ज्वारी तगली, तिच्यातलीच चांगली ताटं वेचली होती.

इथं थोडं थांबून विचार करा. मालदांडी कोणत्या रानात तयार झाली? सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, पुढे पाऊस जवळजवळ नाही, काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर सगळा प्रवास करायचा. सुरुवातीला खोडमाशी, मग थंडी, मग भेगाळलेली जमीन, शेवटी तापतं ऊन आणि मुळातली बुरशी. शेतकऱ्यानं दर साली जे कणीस बियाण्याला ठेवलं, ते या सगळ्यांतून पार पडलेलं होतं. त्यानं एकेक संकट सुटं करून निवड केली नाही. संकटांचा जथा पिकावर आला आणि त्यातून जे वाचलं ते त्यानं जपलं.

पुढे १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि खरिपाचं चित्र बदललं. रब्बीसाठीही नंतर संकरित वाण निघाले. पण रब्बीच्या रानातून मालदांडी हटली नाही. भाकरीची चव आणि कडब्याची प्रत ही कारणं तर आहेतच. शिवाय रब्बीत एका संकटाला भारी असलेला वाण पुरत नाही, हेही त्याचं कारण आहे.

खडखड्या : तीन कुलुपांचं दार

आता ज्या रोगाचा वर उल्लेख केला त्याकडे वळू. याला आपण खडखड्या म्हणतो. नावातच आवाज आहे. ताट बुडापासून वाळतं, आतला गर नाहीसा होतो, नुसत्या शिरा उरतात आणि वाऱ्याच्या झोताबरोबर ताट मोडून पडतं. ताट उभं चिरलं तर आतल्या शिरांना कोळशाची पूड चिकटल्यासारखे काळे कण दिसतात. मॅक्रोफोमिना नावाच्या बुरशीचे ते कण. जमिनीत आणि धसकटांत ते दीर्घकाळ जिवंत राहतात, आणि ही बुरशी शेकडो प्रकारच्या वनस्पतींवर जगू शकते.

मग ती दरवर्षी का माजत नाही? याचं उत्तर १९६४ साली अमेरिकेत एल. के. एडमंड्स यांनी दिलं. त्यांनी ज्वारीच्या झाडांत बुरशी घातली आणि तीन गोष्टी बदलून पाहिल्या : पिकाचं वय, जमिनीची ऊब आणि जमिनीतली ओल. फुलोऱ्याच्या पुढे गेलेलं पीक, तापलेली जमीन आणि तुटलेली ओल या तिन्ही गोष्टी जुळल्या की रोग जोरात येई. कोवळ्या पिकाला ऊन आणि ओढ दोन्ही दिली तरी तो तसा येत नसे. पीक जून असलं, पण ओल भरपूर असली, तरी येत नसे.

म्हणजे या रोगाच्या दाराला तीन कुलुपं आहेत. तिन्ही उघडली तरच चोर आत येतो. यातून मोठी गोष्ट हाती लागली : ऊन आपल्या हातात नाही आणि बुरशी जमिनीतून काढून टाकता येत नाही, तरी एक कुलूप घट्ट ठेवलं तर दार बंद राहतं.

कणसाची मागणी आणि ताटाची शिल्लक

पण ओल तुटल्यावर जून पीकच का बळी पडतं? याचा उलगडा १९७८ साली झाला. त्या वर्षी डिसेंबरात हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत ज्वारीच्या रोगांवर जगभरच्या शास्त्रज्ञांची बैठक भरली. तिथं जे. एल. डॉड यांनी जमाखर्चाचा हिशेब मांडला.

कणसात दाणे भरू लागले की ते साखर मागतात. ही साखर पानं तयार करतात. पानं धडधाकट असली तर जमा आणि खर्च जुळतो. पण ओल तुटली, ऊन तापलं, ताटं दाट होऊन एकमेकांची सावली पडली किंवा पानांवर रोग आला, की पानांची कमाई घटते. कणीस मात्र मागणी कमी करत नाही. मग झाड ताटात साठवलेली साखर काढून कणसाला देतं आणि मुळांच्या वाट्याचंही कमी होतं. उपाशी मूळ अवेळी म्हातारं होतं. म्हाताऱ्या मुळात बुरशीला अडवण्याची ताकद राहत नाही. मुळाशी टपून बसलेली बुरशी तिथून ताटात चढते.

लग्नाच्या खर्चासाठी बियाण्याची ज्वारी विकावी, तसा हा प्रकार आहे. आणि यात एक वाईट गोष्ट आहे. ज्या ताटावर कणीस मोठं, त्याची मागणी मोठी, म्हणून ओढ बसल्यावर भरदार कणसाचं ताट आधी कोलमडण्याचा धोका जास्त. पोटरीपर्यंत हिरवंगार, दाट, नत्र भरपूर मिळालेलं पीक शेवटच्या महिन्यात का झोपतं, याचं उत्तर इथं आहे. त्याची पानं मोठी असतात. ती डिसेंबरातच जमिनीतली ओल पिऊन टाकतात आणि दाणा भरायच्या वेळी हात रिकामे राहतात.

हिरवं राहणारं ताट

मधल्या काळात आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. ज्यांनी तो पाहिला त्यांना काही सांगायला नको. दुष्काळी कामांवर माणसांनी बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव खोदले. त्याच्या थोडं आधी, १९७० साली, कोरडवाहू शेतीची अखिल भारतीय समन्वित संशोधन योजना हैदराबादहून सुरू झाली होती. सोलापूर आणि अकोला ही तिची आपल्याकडची केंद्रं. आता शास्त्रज्ञ बांध, वाण, खत आणि पेरणीची वेळ यांचा एकत्र विचार करू लागले.

तिकडे अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅरेल रोसेनो हे ज्वारीचे पैदासकार दुष्काळी रानात पीक तपासत होते. त्यांना असं दिसलं की काही वाणांची पानं दाणा भरताना ओढ बसली तरी हिरवी राहतात, आणि हेच वाण कमी लोळतात व खडखड्याला कमी बळी पडतात. यातल्या एका महत्त्वाच्या वाणाचं मूळ इथिओपियातल्या शेतकऱ्यांच्या स्थानिक ज्वारीत होतं. पुढे ऑस्ट्रेलियात अँड्र्यू बोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागची खुबी शोधली. हे वाण सुरुवातीला पानांचा पसारा आणि फुटवे कमी ठेवतात, म्हणून शेवटच्या महिन्यासाठी जमिनीत ओल शिल्लक राहते. आपल्या जुन्या लोकांनी विरळ पेरून जे साधलं, तेच हे वाण अंगानं साधतात.

छिद्र उघडावं की मिटावं

एवढं झालं तरी झाडाच्या आत काय घडतं हा प्रश्न उरला होता. प्रयोगशाळेत एका खोलीत पाणी तोडत, दुसऱ्या खोलीत ऊब वाढवत, आणि दोन्ही निकाल वेगवेगळे लिहीत. २००२ साली रॉन मिटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या झाडांना ओढ आणि ऊब एकदम दिली. २००४ साली मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडोप्सिस नावाच्या छोट्या रोपावर त्यांनी हाच प्रयोग केला. निकाल डोळे उघडणारा होता.

पानावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. ऊन तापलं की झाड ही छिद्रं उघडी ठेवतं. त्यातून वाफ जाते आणि पान थंड राहतं, माठातलं पाणी गार होतं तसं. ओल तुटली की झाड छिद्रं मिटतं, पाणी वाचवतं. आता ऊन आणि ओढ एकदम आली तर झाडानं काय करावं? उघडावं तर पाणी जातं, मिटावं तर पान भाजतं. प्रयोगात झाडांनी छिद्रं मिटली, आणि पानं नुसत्या उन्हातल्यापेक्षा जास्त तापली. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटात अपाय झाला.

आणखी एक गोष्ट दिसली. ओढ बसली की ही रोपं पेशी सांभाळायला प्रोलीन नावाचं द्रव्य साठवतात. ओढीबरोबर ऊबही असली तर मात्र ती प्रोलीन साठवत नाहीत, त्याऐवजी साखर साठवतात, कारण अशा उन्हात प्रोलीन अंगाशी येतं. म्हणजे दोन संकटं एकत्र आली की झाडाला ते तिसरंच, नवं संकट वाटतं, आणि त्याची तयारीही ते वेगळी करतं. २००६ साली मिटलर यांनी अमेरिकेतल्या १९८० ते २००४ या काळातल्या मोठ्या नुकसानीचे आकडे मांडले. नुसत्या दुष्काळानं सुमारे २० अब्ज डॉलर्सचं नुकसान झालं होतं. दुष्काळ आणि उष्णतेची लाट एकत्र आली त्या वर्षांत ते सुमारे १२० अब्ज होतं.

सोयाबीन घेणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. २०२२ साली मिटलर यांच्याच सहकाऱ्यांनी दाखवलं की ऊन आणि ओढ एकदम आली तर सोयाबीनची पानं छिद्रं मिटतात, पण फुलं आपली छिद्रं उघडी ठेवतात. उरलेलं थोडं पाणी झाड फुलांना गार ठेवायला देतं. स्वतःची उपासमार करून आई लेकराला घास भरवते तसंच हे. पण पाणी अगदीच संपलं तर ही माया कामी येत नाही आणि फूल गळतं. फुलोऱ्यात पावसाचा खंड पडला आणि वरून ऊन तापलं, तर सोयाबीनला एक पाणी किती मोलाचं असतं ते यावरून समजा.

२०२१ साली तर सहा संकटं मोजली : ऊब, खारटपणा, तीव्र उजेड, आम्लता, विषारी धातू आणि पेशींना जाळणारं रसायन. प्रत्येकाचं प्रमाण एवढं हलकं ठेवलं की एकट्यानं रोपाला फारसा त्रास होऊ नये. पण जसजशी एकेक भर पडत गेली तसतशी रोपं खुरटली आणि मेली. सगळ्याच जोड्या वाईट असतात असं मात्र नाही. हवेत ओझोन वायूचं प्रदूषण असेल तर ओढ बसलेल्या पिकाची छिद्रं मिटलेली असतात, म्हणून तो वायू पानात कमी शिरतो. सांगायचा मुद्दा एवढाच की जोडी पाहिल्याशिवाय निकाल सांगता येत नाही.

या विषयाचं महत्त्व ओळखून २००९ साली बारामती तालुक्यात माळेगाव येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. दुष्काळ, ऊन, पाणथळ आणि क्षार अशा ताणांवर तिथं संशोधन चालतं.

आपल्या रानात काय करायचं

या इतिहासाचा रोकडा उपयोग असा, की उपाय निवडताना तो एका दगडात दोन पक्षी मारतो का हे आधी पाहावं.

१) ओल हे आपल्या हातातलं कुलूप. रब्बी ज्वारीच्या रानात जुलैमध्ये ३.६० बाय ३.६० मीटरचे बंदिस्त वाफे पाडून पाऊस जागच्या जागी मुरवावा. दाणा भरताना उपयोगी पडणारी ओल पेरणीच्या आधीच साठवायची असते.

२) पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी. उशिरा पेरलेली ज्वारी दाणा भरताना तापत्या उन्हात आणि आटलेल्या ओलीत सापडते.

३) हेक्टरी १० किलो बी पुरे. दोन ओळींत ४५ आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी. दाट ठेवून कडबा जास्त निघेल हा हिशेब कोरड्या वर्षी उलटतो.

४) नत्र जमिनीची खोली पाहून द्यावं. कोरडवाहूत हलक्या जमिनीला हेक्टरी २५, मध्यमला ४० आणि भारीला ६० किलो, आणि तेही पेरणीच्या वेळीच दोन चाड्यांच्या पाभरीनं. पीक पिवळं दिसलं म्हणून कोरड्या रानात युरिया फेकू नये. तिथं नत्र आहे, पण ओलीअभावी मुळापर्यंत पोहोचत नाही, असंही असू शकतं.

५) कोळपण्या तीन कराव्यात : पहिली तिसऱ्या, दुसरी पाचव्या आणि तिसरी आठव्या आठवड्यात. तिसरी दातेरी कोळप्यानं करावी, म्हणजे भेगा बुजतात. भेगांतून ओल उडते आणि मुळंही तुटतात, हे विसरू नये. काडीकचरा असेल तर आच्छादन करावं. त्यानं ओल राहते आणि जमीनही कमी तापते, म्हणजे दोन कुलुपं एकदम लागतात.

६) विहिरीत एक-दोन पाण्यांचीच सोय असेल तर पोटरी ते फुलोरा हा काळ कोरडा जाऊ देऊ नये. पीक वाळू लागल्यावर दिलेल्या पाण्यापेक्षा आधी दिलेलं पाणी मुळं तरुण ठेवतं.

७) वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे घ्यावा. हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यममध्ये फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा मालदांडी ३५-१, भारीमध्ये फुले वसुधा. भारी जमिनीचा वाण हलक्या रानात नेला तर शेवटी ओल पुरत नाही.

८) हरभऱ्यात कोरडी मूळकूज याच बुरशीनं होते आणि तीही ऊन व ओढ एकत्र आल्यावर वाढते. मर रोगाला दाद न देणारा वाण कोरड्या मूळकुजीला बळी पडू शकतो. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावा आणि उशिराची पेरणी टाळावी. फेरपालट करावी, पण ही बुरशी पुष्कळ पिकांवर जगते, म्हणून नुसत्या फेरपालटावर भरवसा ठेवू नये.

९) खरिपात सोयाबीनला कधी पाणी साचतं, कधी खंड पडतो. मूळ पाण्यात गुदमरलं की उथळ राहतं आणि पुढच्या खंडात आधी वाळतं. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर जादा पाणी सरीतून निघून जातं आणि वरंब्यात ओल टिकते.

ताट चिरून पाहा

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. पीक गेलं की आपण एक कारण शोधतो आणि त्यालाच धरून बसतो. पंचनाम्याच्या कागदावरही बहुधा एकच कारण लिहिलं जातं. पण पुढच्या वर्षीचा पैसा कुठं घालायचा हे ठरवताना एका कारणावर जाऊ नका. ज्वारी लोळली की दुकानात जाण्याआधी चार ताटं उपटा आणि उभी चिरा. आत काळी पूड दिसली तर तो खडखड्या. त्यावर वरून औषध मारून उपयोग नाही, कारण बुरशी मुळातून चढलेली असते. पोखरलेलं भुयार आणि भुसा दिसला तर ती खोडकिडीची करणी. दोन्हींतलं काही नसेल तर नुसती ओढ बसली असेल. मग मागं जाऊन पाहा : पेरणी कधी झाली, ताटं किती दाट होती, नत्र किती दिलं, शेवटचं पाणी कधी मिळालं आणि ऊन कधी तापलं. हे सगळं एका वहीत लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की आपल्या रानात कोणती दोन संकटं हातात हात घालून येतात ते तुम्हालाच दिसेल.

कणसं भरत असताना ही पत्रिका पुन्हा एकदा काढून वाचा, आणि घरात जो नवा शेतीत उतरला असेल त्यालाही वाचून दाखवा.

राम राम.

— कृषी विस्तार अधिकारी